चाळिसाव्या दिवसाची वाटणी

त्या वर्षी आमच्या सोफ्रोनेस्ती गावात बर्फ वितळला आणि चिखलानं आधी रस्ता खाल्ला, मग ओढ्यावरच्या पुलाचा कठडा, आणि त्यानंतर शाळामास्तरांची सायकल. सायकल एप्रिलात परत वर आली तेव्हा तिची घंटी वाजत होती म्हणतात. घंटी मी स्वतः ऐकलेली नाही, म्हणून तेवढ्यापुरती शपथ घेत नाही. पुढचं सगळं मात्र डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते समजलं का, असं कोणी विचारू नये.

माझा जावई पिंतिलिये मॉस्कोत सात वर्षं गिलाव्याचं काम करून परत आला तो छातीत क्षय घेऊन. साधा नव्हे, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. ऑक्टोबरात तालुक्याच्या इस्पितळातून घरी सोडला तेव्हा त्याचा कोट त्याच्या अंगावर नव्हता, तोच कोटाच्या आत कुठंतरी होता. गावच्या दवाखान्यात दोम्निका नावाची नर्स बसने येत असे. तिनं माझ्या मुलीला, झिनाला, समोर बसवून सांगितलं, "नऊ महिने. रोज मूठभर गोळ्या, कोणाच्या तरी डोळ्यांसमोर. मध्ये खंड पडला तर रोग औषधाला सरावतो. मग आमच्याकडे द्यायला काही उरत नाही."

"आणि मग?"

"मग काय, झिना."

या गोळ्या प्रोजेक्टच्या. प्रोजेक्ट परदेशातला. पाच वर्षांपूर्वी तो आला, त्यानं दवाखान्याची भिंत निळी केली, वजनकाटा आणला, विजेची शेगडी, तपासायचा पलंग, पांढरं पत्र्याचं कपाट. औषध न चुकवणाऱ्या रोग्याला महिन्याकाठी तेल, साखर आणि माशांचे डबे. प्रत्येक वस्तूवर त्याचा गोल शिक्का चिकटवलेला, केरसुणीवरसुद्धा.

एकतीस डिसेंबरला दोम्निकानं दवाखान्याच्या दारावर कागद लावला. प्रोजेक्ट आजपासून संपला, यापुढे सगळं देशाचं.

मी विचारलं, "देशाचं म्हणजे कोणाचं?"

"सरकारचं. राजधानीतून, किशिनाऊहून मंत्रालयाचा माणूस येईल, ताबा घेईल, सही करेल."

"कधी?"

"येईल तेव्हा, त्रोफिमकाका. मला काय विचारता? मी आजपासून प्रोजेक्टची नाही आणि सरकारची अजून झालेली नाही. मी कोणाची ते मलाच कळेना."

तिनं कपाटाला सील लावलं. पण लावण्याआधी नियम मोडून दहा फेब्रुवारीपर्यंतच्या गोळ्या एका लोकरी मोज्यात भरून झिनाच्या हातात दिल्या. किल्ली दिली आग्रिपिनाला. आग्रिपिना दवाखाना झाडायची, चर्चही झाडायची, आणि गावात कोणी गेलं की न्हाऊ घालण्यापासून शेवटच्या जेवणापर्यंत सगळं तीच बघायची. दोम्निका बसमध्ये चढली आणि बस धुक्यात गेली.

जानेवारीभर मी कचेऱ्या फिरलो. सरपंच म्हणाला, "मी सही केली तर छप्पर गळलं की माझं, शेगडी जळली की माझी. मी वेडा आहे का?" तालुक्यात म्हणाले, वस्तू प्रोजेक्टच्या, आम्ही हात लावू शकत नाही. मी म्हटलं, प्रोजेक्ट संपला. ते म्हणाले, म्हणूनच. तिथून घरी येईपर्यंत मी या 'म्हणूनच'वर विचार करत होतो. माझा घोडासुद्धा विचार करत असावा, कारण तो दोनदा चुकीच्या गावाला वळला.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला उन्हं पडली, म्हणून आम्ही तिघं द्राक्षमळ्यात छाटणीला गेलो. जमीन वरून सैल, खाली गोठलेली. बूट उचलला की पायाबरोबर शेरभर माती यायची. झिना पुढं, कात्री टकटक चालवत, प्रत्येक फांदीवर कोंबाचे दोन डोळे ठेवून बाकी उडवत. मी मागं काटक्यांच्या मोळ्या बांधत. पिंतिलिये मधल्या ओळीत. तीन वेल छाटले की कात्री गुडघ्यावर टेकायचा आणि श्वास शोधायचा. गोळ्यांनी त्याचे तळपाय जळत, अन्नाचा वास सहन होत नसे. तरी तो म्हणायचा, "बाबा, तुम्ही दमला असाल, बसा थोडं," आणि मी बसलो की त्यालाही बसता यायचं.

तेवढ्यात झिना म्हणाली, "अहो बाबा, ती मिरवणूक कसली?"

खाली दवाखान्यातून बायका एकामागून एक बाहेर पडत होत्या. प्रत्येकीच्या हातात पेटलेली मेणबत्ती, खांद्यावर नवा टॉवेल, त्यात बांधलेली गोल पोळी. आणि एकीच्या कडेवर वजनकाटा. दुसरीच्या कडेवर शेगडी. दोघी मिळून पलंग नेत होत्या. एका बाईनं कपाटाचं दार डोक्यावर घेतलं होतं, उन्हात ते आरशासारखं चमकत होतं.

"पोमाना," मी म्हणालो. "पोमाना वाटतायत. कोण गेलं?"

झिनाची कात्री चिखलात पडली. "बाबा, कपाट उघडलं त्यांनी."

पोमाना म्हणजे गेलेल्याच्या वस्तू चाळीस दिवसांच्या आत दान द्यायच्या, मेणबत्ती लावून, पोळी नि टॉवेल देऊन. घेणाऱ्यानं 'आभार' म्हणायचं नाही, 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, देव त्याला क्षमा करो. ती वस्तू नाकारता येत नाही, परत देता येत नाही, आणि वापरलीच पाहिजे. तुम्ही इथं वापरली तरच ती त्याला तिकडं मिळते. माझ्या वडिलांची गोधडी एका म्हाताऱ्यानं पेटीत ठेवून दिली, तर वडील तीन हिवाळे माझ्या स्वप्नात कुडकुडत येत होते. शेवटी मी त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन ती त्याच्यावर पांघरली, तो झोपेत असताना. त्यानंतर वडील आले नाहीत, तो म्हातारा मात्र यायला लागला, शिव्या द्यायला.

आम्ही धावत, म्हणजे चिखल जेवढं धावू देत होता तेवढं धावत, दवाखान्यात पोचलो. आग्रिपिना रिकाम्या खोलीत फरशी पुसत होती.

"आग्रिपिना, हे काय केलंस गं?"

"आज चाळिसावा दिवस," ती म्हणाली. "बोटं मोजता येत नाहीत का तुला, त्रोफिम?"

"कोणाचा चाळिसावा?"

"प्रोजेक्टचा. संपला म्हणून दारावर कागद लावलाय ना. इतके दिवस थांबले, कोणी वारस येतोय का बघत. कोणी आलं?"

"अगं, प्रोजेक्ट म्हणजे माणूस नव्हे!"

तिनं फडकं बादलीत टाकलं. "पाच वर्षं खाऊ घातलं, औषध दिलं, भिंत रंगवली. तुझ्या सख्ख्या भावानं एवढं केलं का तुझं? तो माणूस, आणि हा नव्हे?"



"मावशी, गोळ्या," झिना म्हणाली. "कपाटातल्या गोळ्या कुठायत? उद्या शेवटची मूठ आहे घरात."

"तो खोका कोणी घेईना. औषधाचा खोका म्हणजे आजार घरात आणायचा. मग पारास्कोव्हिया उशिरा आली, तेवढंच उरलेलं. तिला दिला."

झिनानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

पारास्कोव्हिया विधवा बाई, टेकडीपलीकडं राहते. अकरा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची शवपेटी माझ्या गाडीतून गेली. रस्त्यात दारूचा गुत्ता लागतो. माझा घोडा वर्षानुवर्षं तिथं थांबत आलेला, तो सवयीनं थांबला. आम्ही ओढलं, ढकललं, पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं. घोडा हलेना. शेवटी गुत्तेवाल्यानं बाहेर येऊन नेहमीप्रमाणे पेला माझ्या हातात दिला, मी नेहमीप्रमाणे रिकामा केला, आणि घोडा चालू लागला. सगळ्या गावासमोर. तेव्हापासून पारास्कोव्हिया माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

तिच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माझा उजवा बूट मागं चिखलात राहिला होता. मोजा ओला, अंगठा बाहेर. ती ओसरीत मक्याची कणसं सोलत होती. तिचा कुत्रा ग्रिव्हेई पायाशी.

"पारास्कोव्हिया," मी टोपी काढली.

ती कुत्र्याला म्हणाली, "ग्रिव्हेई, विचार त्या माणसाला, गुत्ता मागं राहिला, इकडं कसा आला?"

"तो गोळ्यांचा खोका, माझ्या जावयाचा आहे."

"ग्रिव्हेई, सांग त्याला. माझा आहे. मेणबत्ती लावून दिलाय मला. गेलेल्याचं दान मी परत करू? त्याला तिकडं औषधाविना ठेवू?"

"अगं, पण तुला काय उपयोग?"

"एक गोळी खाऊन बघणार होते आज. गुडघ्यासाठी."

मी फाटक धरून उभा राहिलो, एक पाय बुटात, एक मोज्यात, आणि सांगायला लागलो. जावयाचा कोट, जळणारे तळपाय, दोम्निकाचं बोलणं. खंड पडला तर काही उरत नाही, हे दोनदा सांगितलं. मला खोटं बोलायची सवय आहे, त्यामुळं खरं सांगताना माझी जीभ अडखळते. तिनं दोन कणसं सोलून संपवली.

"वापरायलाच पाहिजे," ती म्हणाली, कुत्र्याकडं न बघता, माझ्याकडंही न बघता. "परत तर द्यायचं नाहीच. पण वापरायला पाहिजे." मग तिसरं कणीस उचललं. "ग्रिव्हेई, सांग. परवा सकाळी येते. त्याला म्हणावं, जावयाला न्हाऊ घालून तयार ठेव."

परवा सकाळी ती आली. चार किलोमीटर चिखल तुडवून, काठी टेकत, खोका टॉवेलात बांधून पाठीवर. पिंतिलियेला तिनं अंगणातल्या बाकावर बसवलं, गोळ्या तळहातावर घेतल्या, मेणबत्तीचं एक थोटूक पेटवून बाकावर चिकटवलं.

"अनोळखी देणाऱ्याच्या आत्म्याला," ती म्हणाली. "म्हण."

"बोगदाप्रोस्ते," पिंतिलिये म्हणाला आणि गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्यायला.

"जीभ वर."

"काय?"

"जीभ वर कर, पोरा. मी सहा कोकरं आणि एक नवरा औषध पाजून वाढवलाय."

जिभेखाली दोन गोळ्या होत्या. झिना दारात उभी होती, तिच्या हातात मक्याची मामालिगा ढवळायची काठी होती, ती तशीच राहिली.

तेव्हा उलगडलं. ऑक्टोबरपासून तो असंच करत होता. दोम्निका वहीकडं वळली की दोन गोळ्या जिभेखाली, नंतर मळ्यात वेलाच्या बुंध्याशी थुंकायच्या. "पोटात आग पडते गं," तो झिनाला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "सगळ्या घेतल्या की दिवसभर उभं राहता येत नाही. तू एकटी किती छाटणार?" झिना आत गेली, आणि भांडी जोरात वाजली. तो वेल त्या वर्षी इतका निरोगी वाढला की शेजारचे कलमं मागायला आले. पण माणसाला वेलासारखं होता येत नाही.

"नर्सला फसवलंस," पारास्कोव्हिया म्हणाली. "ती गोळी कोणाची होती? कोणाचीच नाही. ही माझी आहे. मेलेल्याच्या तोंडातला घास आहे. थुंकून दाखव."

त्यानं गिळल्या. ओकारी आली तेव्हा तिनं मान धरून ठेवली, पाठ चोळली, वर मिठाची काकडी चावायला दिली.

त्यानंतर रोज. गारपीट झाली त्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन आली आणि पाटीत दोन घागरी गारा घेऊन आली, त्या आम्ही दुधात घालून ठेवल्या. छाटणी संपली, वेल तारेला विलोच्या झाडाच्या ओल्या काड्यांनी बांधायचं काम आलं. झिनाची बोटं चिरली, त्यांत माती भरली. पिंतिलिये ओळीच्या ओळी बांधू लागला. आधी पाच वेलांनी दम घेई, मग नऊ वेलांनी. मार्चमध्ये त्यानं पहिल्यांदा म्हटलं की रश्श्याला वास चांगला येतोय. झिना त्या दिवशी चुलीकडं तोंड करून खूप वेळ उभी होती.

पण खोका तळाला चालला होता. मी पुन्हा तालुक्याला गेलो. तिथं म्हणाले, ताबा झाल्याशिवाय नवं औषध सुटत नाही, आणि ताबा घ्यायला वस्तू जागेवर हव्यात. वस्तू कुठायत हे मला माहीत होतं. काट्यावर एकीकडं बदकं तोलली जात, पलंगावर एकीची अर्धांग झालेली सासू झोपत होती, शेगडीशेजारी पाद्रीबाबांच्या कोंबडीची पिल्लं उबत होती. सगळं घासूनपुसून लखलखीत, प्रोजेक्टच्या दिवसांत कधी नव्हतं इतकं. पण जागेवर काही नव्हतं. हे साहेबाला सांगायचं कसं? मी सांगितलं की चिखलानं गिळलं. माझं खोटं पहिल्यांदाच कोणी पटकन मान्य केलं, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

एप्रिलच्या तिसऱ्या दिवशी शेवटची मूठ पोटात गेली. चौथ्या दिवशी सकाळी पारास्कोव्हिया रिकामा खोका घेऊन आली आणि बाकावर बसली. पिंतिलिये शेजारी. आग्रिपिनाही आली होती, उगीच अंगण झाडत.

नऊच्या सुमाराला रस्त्यानं एक तरुण आला, अंगात शहरी कोट, गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात बूट नाही. डोक्यावर मोठा खोका. बस पुलापाशी रुतली होती, तो सात किलोमीटर चालत आला होता.

"मी ओक्ताव्हियन, मंत्रालयातून आलोय," तो धापा टाकत म्हणाला. "दवाखाना रिकामा आहे, आजोबा. कपाटाला दारसुद्धा नाही. सरपंच?"

"तळघरात," मी म्हटलं. "तो सोमवारपासून वाईन चाखतोय."

त्यानं खोका बाकावर ठेवला. आमच्या सगळ्यांचे डोळे खोक्यावर. "दोन महिन्यांचं औषध आहे. आता हे देशाचं. आपल्या पैशानं घेतलेलं, परदेशाचं नाही. पण कोणीतरी जबाबदार माणूस हवा, ताबा घेऊन सही करणारा. नाहीतर मला परत न्यावं लागेल. तसा नियम आहे." त्यानं कागद काढला. एका कोपऱ्यात चिखल लागला होता, तो त्यानं बाहीनं पुसला आणि आणखी पसरवला.

"मी घेते," पारास्कोव्हिया म्हणाली. "कोणाच्या नावानं?"

"सरकारच्या."

"सरकार गेलं?"

"नाही, आजी! सरकार आहे."

"मग कोणाच्या आत्म्याला?"

"कोणाच्याच नाही. कोणी गेलेलं नाही. हे असंच, हक्काचं."

"असंच दिलेलं मी रोज चार किलोमीटर वाहून आणणार नाही," ती म्हणाली. "असंच दिलेलं हा थुंकतो. विचार त्याला."

ओक्ताव्हियननं पिंतिलियेकडं पाहिलं. पिंतिलिये बुटाकडं बघत म्हणाला, "थुंकायचो, साहेब."

झिना पुढं आली. "पारास्कोव्हियामावशी, पाया पडते, घ्या हो ते. आजची मूठ राहिली आहे अजून."

"घेईन गं. नाव सांगू दे त्याला. एवढा चालत आलाय, एवढं तर सांगेल."

ओक्ताव्हियन अंगणाच्या मधोमध उभा. एकदा माझ्याकडं बघे, एकदा आग्रिपिनाकडं, एकदा कागदाकडं, जणू त्यात कुठं यासाठी जागा दिली असेल. मोजा चिखलात ओला झालेला, अंगठा वर-खाली करत होता. मला त्या अंगठ्याची फार कीव आली.

"माझी आजी गेली," तो हळूच म्हणाला. "नोव्हेंबरात. एउफ्रोसिनिया. मी याच ताब्याच्या कागदांवर होतो, साहेबांनी सोडलं नाही. मातीला गेलो नाही. आणि नंतर तिचं काही दानही वाटलं नाही मी. काय वाटायचं ते माहीत नव्हतं."

आग्रिपिनानं झाडू भिंतीला टेकवला. एप्रनखालून मेणबत्ती काढली. ती नेहमी जवळ असतेच तिच्या. झिना आतून पोळी आणि टॉवेल घेऊन आली.

ओक्ताव्हियननं खोका दोन्ही हातांवर उचलला. "एउफ्रोसिनियाच्या आत्म्याला," तो म्हणाला.

"बोगदाप्रोस्ते," म्हणून पारास्कोव्हियानं खोका घेतला, माझ्या छाटणीच्या चाकूनं पट्टी कापली, आणि तिथंच मूठ भरली.

पिंतिलिये गिळत असताना ओक्ताव्हियन बाकाच्या कडेवर कागद भरत होता. 'देणार' असा एक रकाना होता. त्यावर पेन किती वेळ टेकून राहिलं. मी वाकून पाहिलं. त्यानं आजीचं पूर्ण नाव लिहिलं होतं, आणि त्याखाली, बारीक अक्षरात, मंत्रालयाचं. मग त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की हे चालेल का ते मी सांगावं. मी काय सांगणार? मला तर तेव्हाही कळत नव्हतं की तो खोका मंत्रालयाचा, एउफ्रोसिनियाचा, पारास्कोव्हियाचा की माझ्या जावयाचा.

"पुढचा खोका घेऊन कधी येऊ?" त्यानं विचारलं.

"नोव्हेंबरात गेली ना? सहा महिन्यांचं दान मे महिन्यात," पारास्कोव्हिया म्हणाली. एका हातानं ती पिंतिलियेची हनुवटी धरून जीभ तपासत होती. "मग नऊ महिन्यांना ऑगस्टात. मग वर्षश्राद्ध. त्यानंतर दर वर्षी, सातव्या वर्षापर्यंत."

ओक्ताव्हियननं बोटांवर मोजलं. "पण आजी, औषध तर जुलैत संपतं."

"ह्याचं संपतं, तुझ्या आजीचं नाही," ती म्हणाली, आणि हनुवटी सोडली.